डाव्या मागाने पकडलेली चूक

मी कम्पायलरवर काम करते असं सांगितलं की सोलापुरात दोन गोष्टी होतात. गल्लीतले लोक बिघडलेला प्रिंटर घेऊन येतात. आणि एखादा जरा वाचलेला पाहुणा असला की तो डोळे बारीक करून म्हणतो, "म्हणजे तुमच्या रक्तातच आहे की! जॅकार्डची ती भोकं पाडलेली कार्डं, तिथूनच तर कॉम्प्युटर आला." प्रिंटरवाल्यांना मी चहा पाजते. या दुसऱ्यांचा मात्र मला मनापासून राग येतो. आमच्या घरात कुणीही जॅकार्ड, म्हणजे कार्डांवरून नक्षी विणणारं यंत्र, चालवलेलं नाही. आम्ही साध्या टॉवेलवाले. माझे वडील, ज्यांना आम्ही तेलुगूत नायना म्हणतो, टॉवेलच्या कारखान्यांत जॉबर होते. जॉबर स्वतः विणत नाही, त्याला ठरावीक माग नेमून दिलेले असतात, ते तो दुरुस्त ठेवतो आणि त्यातलं काही बिघडलं की त्यालाच बोलावतात. तेव्हा या हकिगतीत भोकं पाडलेलं एकही कार्ड येणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

कम्पायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम चिपला कळतील अशा हुकमांत उतरवून देणारा प्रोग्राम. त्याच्या अगदी शेवटच्या भागाला बॅकएंड म्हणतात. कुठला हुकूम निवडायचा आणि किती कमी हुकमांत काम भागवायचं, हे तिथे ठरतं. आमची कंपनी पुण्याची आणि छोटी. ती एक साधी, काटकसरी चिप बनवते आणि तिच्यासाठी कम्पायलरही. सगळे घरून काम करायला लागले तेव्हा मी सोलापूरला आले आणि मग परत गेलेच नाही. आमच्या घराच्या वरच्या खोलीत एक टेबल, एक पंखा आणि मी, असं माझं ऑफिस आहे.

मी डिप्लोमावाली. अकरा वर्षं त्या बॅकएंडचं टेस्टिंग केलं. बदल दुसऱ्यांनी लिहायचे आणि चुका मी शोधायच्या. त्या मला भरपूर सापडायच्या. सापडल्या की आनंद व्हायचा, आणि तो लपवायला मला कधी जमलं नाही. पण बॅकएंडचा एकही तुकडा माझा नव्हता. आमच्याकडे एक साधी फाइल आहे. तिच्यात प्रत्येक तुकड्यापुढे तो सांभाळणाऱ्याचं नाव असतं. माझं नाव त्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं. मी तीनदा विचारून पाहिलं होतं. पुण्याचे सर प्रत्येक वेळी म्हणाले, "तुमचं टेस्टिंग इतकं उत्तम आहे, तुम्हाला तिथून हलवायचं तरी कसं?" माणसाची स्तुती करून त्याला जागच्या जागी बसवून ठेवायचं, ही एक कला आहे आणि सरांना ती छान येते.

मग चिंचोळी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपची तक्रार आली. त्यांनी जुन्या मागांवर बसवता येईल असा एक बोर्ड केला होता आणि त्यावर आमची चिप होती. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, शेकडो धागे असतात. एखादा तुटला आणि माग तसाच चालत राहिला तर टॉवेलभर रेघ पडते. या बोर्डाने ताण्याचे बत्तीस पट्टे पाडले होते. प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्ती लटकलेली. धागा तुटला की पत्ती खाली पडते, त्या पट्ट्याचा बिट शून्याचा एक होतो, माग थांबतो आणि कुठल्या पट्ट्यात बघायचं ते दिवा दाखवतो. बत्तीस पट्टे, बत्तीस बिट, सगळे मिळून एक आकडा. बोर्डाचं काम एवढंच, त्या आकड्याला पुन्हा पुन्हा विचारत राहायचं: अमुक बिट एक आहे का? असेल तर माग थांबवायला जा, नसेल तर पुढे चल.

तक्रार अशी होती की प्रोग्राम चिपच्या मेमरीत मावत नाही. थोडक्यात राहत होता, पण नाही म्हणजे नाही. कम्पायलरने काढलेले हुकूम मी वाचायला घेतले आणि तासाभरात माझ्या लक्षात आलं की दोष वर्कशॉपवाल्यांचा नाही, आमचा आहे. एका बिटाला विचारायला आमचा कम्पायलर बहुतेक ठिकाणी तीन हुकूम खर्च करत होता. आधी नेमका तो बिट सोडून बाकी सगळीकडे शून्य असलेला आकडा तयार करायचा. मग त्या आकड्याने बाकीचे बिट पुसून टाकायचे. मग उरलं ते शून्य आहे का, ते बघून वळायचं. एवढा खटाटोप कशाला? सगळा आकडाच डावीकडे सरकवा, हवा तो बिट अगदी डाव्या टोकाला येऊन उभा राहील. डाव्या टोकाचा बिट एक असला की चिप त्या आकड्याला ऋण समजते, आणि ऋण असेल तर वळ, हा हुकूम तिच्याकडे आयता आहे. सरकव आणि वळ. दोन हुकमांत काम झालं.

ही युक्ती मी शोधलेली नाही. मोठमोठे कम्पायलर ती कधीपासून वापरतात. आमच्यात ती नव्हती, एवढंच. मी सरांना फोन केला आणि म्हणाले, "हे मी लिहिते."

 ते म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघा. नाही जमलं तर आमच्याकडची टीम करून टाकेल. आणि मग तो तुकडा त्यांच्याकडेच राहील, हे लक्षात घ्या. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटायचं काय होतं? अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी दार किलकिलं केलं होतं. मी शनिवारी बसले आणि मंगळवारी संध्याकाळी उठले. मधे जेवले असेन, कारण ताटं खाली गेली होती असं अम्मा सांगते. माझ्या टेस्ट सगळ्या पास झाल्या. जुन्याही पास झाल्या. वर्कशॉपचा प्रोग्राम चिपमध्ये मावला, वर थोडी जागाही उरली. मी त्या संध्याकाळी खोलीचं दार लावून एकटीच नाचले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

बुधवारी सकाळी मी नायनांना घेऊन कारखान्यात गेले. वर्कशॉपने तिथल्या दोन मागांवर बोर्ड बसवून दिले होते. हे दोन माग समोरासमोर उभे असतात, एक उजवा आणि एक डावा. उजव्याचं हँडल उजव्या हाताला, डाव्याचं डाव्या हाताला. मधल्या बोळात उभं राहून एकच माणूस दोन्ही सांभाळतो. नायनांना नेलं कारण मालकाचा त्यांच्यावर विश्वास होता. त्यांनी शब्द टाकला नसता तर चालत्या मागाचे धागे मला कुणी तोडू दिले नसते. आणि खरं सांगायचं तर मला मिरवायचंही होतं.

उजव्या मागावर मी स्वतः कात्री घेतली. मधला धागा कापला. माग खट्टकन थांबला, बरोबर दिवा लागला. मागावरच्या वयस्कर विणकराने गाठ मारून तो पुन्हा चालू केला. मी दुसरीकडे कापला, पुन्हा थांबला. पाच वेळा कापला, पाचही वेळा थांबला. मी खटखटाटातून बाहेर व्हरांड्यात आले, सरांना फोन लावला आणि म्हणाले, "झालं सर. मागावर चालवून पाहिलं. संध्याकाळच्या बिल्डमध्ये घ्या." ते म्हणाले, "वा! अभिनंदन." मी आत आले.

आत विणकर ओरडत होता. "ओ अण्णा, काय चाललंय? समद्या टॉवेलची वाट लावली की तुमी!"

नायना डाव्या मागापाशी कात्री घेऊन उभे होते आणि माग मजेत चालला होता. टॉवेलवर तीन रेघा पडल्या होत्या. त्यांनी हँडल ओढून माग थांबवला आणि माझ्याकडे बघितलं.

"पयला धागा कापला तर थांबलं," ते म्हणाले. "दुसऱ्या पट्ट्यातला कापला, न्हाय थांबलं. मधला, न्हाय. शेवटचा, न्हाय."

"वायर ढिली असेल," मी म्हणाले.

"तीन जागी?"

"बोर्डच खराब असेल मग. उजव्यावर सगळं नीट चाललंय."

"बोर्ड खराब असता तर पयल्याला तरी कसं थांबलं? हे पयल्याला इचारतंय, आणि मग बाकीच्यांना इसरतंय."

आणि मी, चाळीस वर्षांची बाई, त्या विणकरासमोर माझ्या बापाला म्हणाले, "नायना, तुम्हाला यातलं काही कळत नाही. उगाच मधे बोलू नका."

 त्यांनी कात्री खिशात ठेवली आणि तुटलेले तीन धागे एकेक करून स्वतः जोडायला लागले. विणकराने तोंड फिरवलं. मला त्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण तोंडातून निघालेलं परत कसं घ्यायचं ते मला सुचत नव्हतं. म्हणून मी टॉवेलच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवला आणि डाव्या मागाचे हुकूम वाचत बसले.

दहा मिनिटांत सापडलं. चिपच्या आत आकडे धरायला मोजकेच खण असतात. एक खण वाचवायची हुशारी म्हणून मी आकडा ज्या खणात होता त्याच खणात सरकवत होते. म्हणजे प्रश्नाचं उत्तर मिळायचं, पण मूळ आकडा मोडून जायचा. उजव्या मागाचा प्रोग्राम प्रत्येक प्रश्नाआधी पट्ट्यांकडून आकडा नव्याने वाचत होता, त्यामुळे तिथे काही बिघडत नव्हतं. डाव्या मागाची गोष्ट निराळी. विणकराचा पहिला पट्टा नेहमी हँडलकडचा, त्यामुळे डाव्या मागाच्या वायरी उलट्या क्रमाने येतात. तो सगळा आकडा आधी उलटा करावा लागतो. हे काम किचकट, म्हणून वर्कशॉपवाल्यांनी ते एकदाच करून आकडा खणात धरून ठेवला होता आणि त्यालाच सगळे बत्तीस प्रश्न विचारत होते. पहिला पट्टा म्हणजे सगळ्यात उजवा बिट. त्याला डाव्या टोकाला नेलं की बाकीचे एकतीस बिट बाहेर सांडतात. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर शून्य.

पहिल्याला विचारतंय आणि बाकीच्यांना विसरतंय. अक्षरशः तेच.

आणि माझ्या टेस्ट? माझी प्रत्येक टेस्ट एका आकड्याला एकच प्रश्न विचारून घरी जात होती. दुसऱ्या कुणी असल्या टेस्ट लिहिल्या असत्या तर मी त्याची काय हजेरी घेतली असती! स्वतःच्या बाबतीत मात्र मला एका उत्तरातच आनंद झाला होता.

आता प्रश्न सरांचा होता. गुपचूप दुरुस्त करून पाठवता आलं असतं, पण तोवर चुकीचा बदल संध्याकाळच्या बिल्डमधून, म्हणजे कम्पायलरच्या नव्या आवृत्तीतून, आणखी कुणाकुणाकडे गेला असता. थांबवायचा तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की तुकडा गेला. मी पुन्हा व्हरांड्यात गेले. 

"सर, मी बदल मागे घेतेय. चूक आहे. माझीच आहे." आणि मी ती काय आहे ते सगळं सांगितलं.

"बरं झालं वेळेत सांगितलंत," ते म्हणाले. "मग आता असं करू, हे इथल्या टीमकडे..."

"नाही."

मी सरांचं बोलणं पहिल्यांदाच तोडत होते. "तुम्ही शुक्रवार दिला होता. आज बुधवार आहे."

ते हसले असावेत. "ठीक आहे. शुक्रवार."

 घरी आल्यावर अम्माने भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. नायनांच्या ताटाशेजारी मी वही आणि पेन घेऊन बसले. माफ करा वगैरे म्हणायची आमच्या घरात सवय नाही, आणि सवय नसलेलं बोललं की ते नाटकी वाटतं. मी विचारलं, "नवा माग बसला की तुम्ही काय काय तपासायचात? क्रमाने सांगा. मला लिहून घ्यायचंय."

त्यांनी घास चावून संपवला. मला वाटलं, आता नाहीच सांगणार.

"आदी दोन्ही किनारी," ते म्हणाले. "किनार लबाड असते. मग मधला. मग शेजारी-शेजारी दोन, एकामागं एक. आणि शेवटचा झाला की पुन्यांदा पयला."

"पुन्हा पहिला कशाला? तो तर तपासून झालेला असतो."

"तपासतानाच बिगडतंय की कदी कदी. आपल्याच हातानं."

मी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं आणि चटणी मागितली.

मग दोन दिवस मी काम केलं, आणि या वेळचं काम वेगळं होतं. आधीचा बदल मी अगदी शेवटी, खणांची वाटणी होऊन गेल्यावर, ठिगळ लावावं तसा लावला होता. तो पूर्ण काढून टाकला. सरकवणं वाटणीच्या आधीच मांडलं. म्हणजे मूळ आकडा पुढे लागणार असेल तर कम्पायलर आपणच सरकवलेल्या आकड्याला निराळा खण देतो, आणि लागणार नसेल तर तोच खण वापरतो. कधी काय करायचं याची हुशारी मला करावी लागत नाही. हुकूम मात्र तेच दोन. नवा एकही वाढला नाही. मी लिहिलेल्यातलं ते सगळ्यात देखणं काम आहे, आणि मी हे म्हणते तेव्हा मला नम्रपणा आठवत नाही.

टेस्ट मी नायनांच्या क्रमाने लिहिल्या. दोन्ही किनारी, मधला, शेजारचे दोन, शेवटचा आणि पुन्हा पहिला. किनारीची टेस्ट चालवली आणि लबाडी तिथेच सापडली. सगळ्यात डावा बिट आधीच टोकाला उभा असतो, त्याला सरकवायची गरजच नाही. आणि माझा कोड त्याला शून्य घरं सरकवण्यासाठी एक अख्खा हुकूम खर्च करत होता. तो काढला. त्या बिटाला आता एकच हुकूम पुरतो.

शुक्रवारी सकाळी आम्ही पुन्हा कारखान्यात गेलो. या वेळी कात्री मी नायनांच्या हातात दिली आणि बोळाच्या तोंडाशी उभी राहिले. ते थेट डाव्या मागाकडे गेले. किनार कापली, थांबला. दुसरी किनार कापली, थांबला. मधला, थांबला. शेजारचे दोन, थांबला. शेवटचा, आणि पुन्हा पहिला. खट्ट, खट्ट, खट्ट. विणकर गाठी मारून मारून कंटाळला.

"आता बास की अण्णा! माग चालंल कदी?"

"आजून उजवा ऱ्हायलाय," नायना म्हणाले आणि वळले. त्यांनी उजव्यावरही तोच फेरा पूर्ण केला.  मग कात्री मला परत दिली.

घरी येऊन मी बदल पाठवला. सरांनी दोन शंका विचारल्या. पहिलीचं उत्तर सरळ होतं. दुसरी होती, "शेवटच्या बिटानंतर पुन्हा पहिला का तपासलाय? हा तर आधी झालाय." मी लिहिलं, "तपासताना कधी कधी आपल्याच हाताने बिघडतं म्हणून. बुधवारी तेच झालं होतं."  दुपारी बदल मंजूर झाला. त्याच्या मागोमाग त्या फाइलमधली एक नवी ओळ आली. बिट तपासून वळण्याचा तुकडा, आणि त्याच्यापुढे माझं नाव. मी ती ओळ चार-पाच वेळा वाचली. मग जिना उतरून खाली गेले.

नायना ओसरीवर बसले होते.

"मंजूर झालं," मी म्हणाले. "तो तुकडा आता माझ्या नावावर आहे."

"नावावर म्हंजे काय? पाटी लावणार व्हय?"

"पाटी नाही. आता तो मी सांभाळायचा."

"म्हंजे उद्या तितं काय बिगडलं तर?"

"मला बोलावणार."

"पुण्यातल्या सायबास्नी न्हाय?"

"नाही. मलाच."

 आमच्या शहरातल्या कारखान्यांत नायनांनी उभा जन्म काढला आणि त्यांच्या पाहण्यात एकही बाई जॉबर झाली नव्हती. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून अम्माला तेलुगूत मोठ्याने हाक मारली, अगदी शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशी.

"ऐकलं का गं? आपल्या पोरीला तिचे माग मिळाले."